परदेशात राहून स्कूबाचं कार्ड मिळवायचं तर

बचत गटाच्या बैठकीत कर्ज, व्याज, शेळीचा विमा, पापडाची ऑर्डर हे विषय नेहमीचे असतात. पण या वेळी आमच्यापुढे आलेला प्रश्न अगदी वेगळा होता. गटातल्या एका ताईंची लेक मालदीवमध्ये दवाखान्यात नर्स आहे. तिने फोनवर सांगितलं, ‘आई, मी सुट्टीत स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करणार आहे. परीक्षा असते, पास झाले की कार्ड मिळतं.’ घरात लगेच दोन बाजू झाल्या. मामा म्हणाले, पोरीच्या जातीला समुद्राच्या तळाशी काय काम? चुलतभाऊ म्हणाला, आम्ही मालवणात केलंय की, वीस मिनिटांचा खेळ, त्याला परीक्षा कसली? ताईंनी आम्हा समन्वयक बायांना विचारलं, ‘तिला हो म्हणू की नको म्हणू?’

हो किंवा नको हे ठरवायचं तिच्या लेकीने. ती कमावती आहे, सज्ञान आहे. पण आईला काळजी वाटणं साहजिक आहे, आणि ती काळजी माहितीने कमी होते, ओरडण्याने नाही. आपल्या किनारपट्टीवर आता घरटी कोणीतरी मस्कत, दुबई, कतार नाहीतर मालदीवला आहे. म्हणून आम्ही ही माहिती गोळा केली. आज तीच तुमच्यापुढे मांडतो.

वीस मिनिटांचा फेरफटका आणि कार्ड यांतला फरक

पहिल्यांदा चुलतभावाचं म्हणणं बघू. मालवण, तारकर्ली, देवबाग इथे पर्यटक येतात, अंगावर जॅकेट चढवतात, तोंडात नळी घेतात आणि प्रशिक्षकाचा हात धरून थोडं खाली जाऊन येतात. मासे बघतात, फोटो काढतात. यात काही वाईट नाही. पण त्या वेळी हवा किती उरली ते प्रशिक्षक बघतो, वर कधी यायचं ते प्रशिक्षक ठरवतो, जॅकेटची बटणंही तोच दाबतो. एसटीत बसून प्रवास केला म्हणजे गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, तसंच हे. असा फेरफटका झाल्यावर कोणी रंगीत कागद दिला, तरी तो हजेरीचा कागद असतो.

कार्ड म्हणजे आपण स्वतःची आणि सोबतच्या जोडीदाराची जबाबदारी घेऊ शकतो, याची परीक्षा झालेली असते. पहिल्या पातळीच्या कार्डाला ‘ओपन वॉटर डायव्हर’ म्हणतात. ते मिळालं की मोठ्या माणसाला जोडीदारासह जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत खाली जाता येतं. १८ मीटर म्हणजे साधारण ६० फूट, जुन्या उंच माडाएवढं. त्याहून खोल जायचं तर पुढचे कोर्स करावे लागतात. मालदीव सरकारने तर हौशी डायव्हरसाठी ३० मीटरची हद्दच घालून दिली आहे. कितीही अनुभवी पाहुणा असला तरी त्याखाली जायची मुभा नाही.

हे कार्ड सरकार देत नाही. जगात काही संस्था आहेत, त्यांनी अभ्यासक्रम ठरवले आहेत. पॅडी ही संस्था १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. एसएसआय नावाची दुसरी संस्था १९७० ची. नाऊई आणि सीमास अशाही संस्था आहेत. त्यांचे प्रशिक्षक देशोदेशी आहेत. म्हणून मालदीवमध्ये मिळवलेलं कार्ड अंदमानात, थायलंडमध्ये किंवा आपल्या तारकर्लीलाही दाखवता येतं. परदेशात राहून कोर्स करायचा हा मोठा फायदा. नोकरी संपून मुलगी गावी आली तरी तिचं शिक्षण तिथेच राहत नाही.

कोर्समध्ये शिकवतात काय

कोर्सचे तीन भाग असतात. पहिला भाग अभ्यासाचा. हल्ली तो बराचसा मोबाईलवर होतो. रात्रपाळी करणारी मुलगी आपल्या खोलीत बसून धडे वाचू शकते. शेवटी लेखी परीक्षा असते. पॅडीच्या परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात. जे चुकलं ते प्रशिक्षक पुन्हा समजावून देतात.

दुसरा भाग उथळ, शांत पाण्यातला. शहरात तो पोहण्याच्या तलावात होतो. मालदीवमध्ये बेटाभोवती प्रवाळाच्या कड्याआड शांत, उथळ पाणी असतं, तिथे होतो. मास्कमध्ये पाणी भरलं तर ते खालीच कसं काढायचं, तोंडातली नळी सुटली तर ती शोधून परत कशी लावायची, आपली हवा संपली तर जोडीदाराच्या जादा नळीतून श्वास कसा घ्यायचा, हे सगळं पुन्हा पुन्हा करून घेतात. ज्याची भीती वाटते तेच आधी उथळ पाण्यात करून बघायचं, अशी ही पद्धत आहे.

तिसरा भाग खुल्या समुद्रातला. कमीत कमी चार डाइव्ह कराव्या लागतात, आणि त्या दोन किंवा अधिक दिवसांत विभागलेल्या असतात. एका दिवसात सगळं उरकून कार्ड हातात ठेवतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून यावं. साधारणपणे हा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. नोकरी करणाऱ्या मुली तो दोन-तीन आठवड्यांच्या सुट्ट्यांमध्ये वाटून घेतात. उलट ते बरंच. अंग सरावतं, डोकं शांत राहतं.

पोहायला यावं लागतं का? हो. २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं. त्याला वेळेची अट नसते. शिवाय १० मिनिटं कशाचाही आधार न घेता पाण्यावर तरंगावं लागतं. आपल्याकडे खाडीत कालवं काढणाऱ्या, खुबे वेचणाऱ्या बाया कमरेभर पाण्यात तासन्‌तास असतात, पण त्यांतल्या कितीतरी जणींना पोहता येत नाही. मुलीला येत नसेल तर आधी पोहणं शिकायचं, मग कोर्सचे पैसे भरायचे. हा क्रम उलटा करू नये.

आता वय निघून गेलं असं कोणाला वाटत असेल, तर एक खरं उदाहरण सांगतो. तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या उमा मणी या गृहिणी. मालदीवमध्ये राहत असताना त्यांना प्रवाळाची ओढ लागली. त्या प्रवाळाची चित्रं काढत होत्या, पण समुद्रात कधी उतरल्या नव्हत्या. वयाच्या ४९ व्या वर्षी त्या पोहायला आणि डायव्हिंग करायला शिकल्या. त्यांच्यावर प्रिया तुवशेरी यांनी ‘कोरल वुमन’ नावाचा माहितीपट केला, तो २०१९ मध्ये आला. आज त्या चित्रांमधून लोकांना प्रवाळ वाचवायला सांगतात.

पाण्याखाली अंगाला काय होतं

आता जरा शास्त्र समजून घेऊ. अवघड नाही. आपल्या रोजच्या अनुभवातलंच आहे.

आंबोली घाट उतरताना कानात दडे बसतात. हवेचा दाब वाढतो म्हणून. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. समुद्रात फक्त १० मीटर खाली गेलं, म्हणजे ३३ फूट खोल विहिरीच्या तळाइतकं, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. २० मीटरवर तिप्पट. त्यामुळे खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची आणि कान मोकळे करत जायचं. दुखायला लागण्याच्या आधीच करायचं. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा बघायचं, नाहीतर त्या दिवशी डाइव्ह सोडायची. सर्दी झालेली असताना जोर लावून खाली गेलं तर कानाचा पडदा फाटू शकतो. सर्दीचं औषध घेऊन डाइव्ह करणंही योग्य नाही. औषधाचा असर खालीच ओसरला तर वर येताना कान आणि नाकाच्या पोकळ्या तुंबतात.

दुसरी गोष्ट फुग्याची. वर फुगवलेला फुगा १० मीटर खाली नेला की निम्मा होतो. पण उलटं बघा. १० मीटर खाली फुगा पूर्ण फुगवला आणि वर आणला, तर तो दुप्पट होऊ बघतो आणि फुटतो. आपली फुप्फुसं म्हणजे तसाच फुगा. म्हणून स्कूबाचा सगळ्यांत मोठा नियम हा की श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरल्यावर माणूस आधी श्वास धरतो आणि वर पळतो. नेमकं तेच जिवावर बेतू शकतं. तीन-चार दिवसांचं सगळं शिक्षण ही सवय मोडण्यासाठीच असतं असं म्हटलं तरी चालेल.

तिसरी गोष्ट गोटी सोड्याची. बाटली बंद असते तेव्हा आतला वायू दिसत नाही. गोटी दाबली की फसफस बुडबुडे येतात, कारण दाब एकदम उतरतो. आपण जी हवा घेतो त्यात जवळजवळ ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली तो रक्तात आणि अंगात जास्त विरघळतो. डायव्हर सावकाश वर आला तर तो वायू श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला तर अंगातच बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, हातपाय बधीर होतात, प्रसंगी लकवाही मारतो. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर यायला शिकवतात, आणि वर येण्याआधी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायला सांगतात. तरीही त्रास झाला तर रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देतात आणि खास दाबाच्या खोलीत ठेवून उपचार करतात.

यातूनच विमानाचा नियम आला. विमान वर गेलं की आतला दाब कमी होतो. एकच डाइव्ह केली असेल तर कमीत कमी १२ तास, आणि एकापेक्षा जास्त केल्या असतील तर कमीत कमी १८ तास विमानात बसायचं नाही. परदेशात राहणाऱ्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. गणपतीला घरी यायचंय, रजा थोडी आहे, म्हणून सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान असं कधी करू नये. मध्ये पुरता एक दिवस मोकळा ठेवावा.

टाकीतल्या हवेचा जमाखर्च

आपल्याकडे सगळे म्हणतात, पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. ते खरं नाही. नवशिक्यांच्या टाकीत साधी हवाच असते, तुम्ही-आम्ही घेतो तीच, गाळून आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी ठरतो.

या हवेचा हिशेब गटाच्या वहीसारखा असतो. समजा १२ लिटरची टाकी आहे आणि ती २०० बार दाबाने भरली आहे. म्हणजे त्यात साधारण २४०० लिटर हवा मावली. एखादीला मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं, तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. पण १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते. तिथे एकच तास. २० मीटरवर ४० मिनिटं. आणि ही सगळी हवा संपवायची नसते. ५० बार शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं. ती राखीव ठेव. तिला हात लावायचा नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने काट्याकडे बघायचं आणि जोडीदाराला सांगायचं, हे डायव्हरचं काम असतं. घाबरलेली, धापा टाकणारी बाई हीच हवा निम्म्या वेळात संपवते. शांत राहणं हा इथे स्वभावाचा नाही, हिशेबाचा भाग आहे.

खुणांची भाषा, आणि ‘पुरे’ म्हणायचा हक्क

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा आणि तर्जनी यांचं गोल म्हणजे ‘सगळं ठीक’. पंजा सपाट धरून दोन्ही बाजूंना हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’. गळ्यावरून आडवा हात फिरवला की ‘हवा संपली’. आणि अंगठा वर दाखवला की ‘वर चला’. आपल्याकडे अंगठा म्हणजे ‘छान’, तिथे मात्र ‘वर चला’. ही चूक नवशिके फार करतात.

परदेशात राहणाऱ्या मुलीला या खुणांचा मोठा आधार होतो. प्रशिक्षक जर्मन असो की मालदीवचा, जोडीदार चिनी असो की मल्याळी, पाण्याखाली सगळ्यांची भाषा एकच. पण किनाऱ्यावर शिकवताना मात्र भाषा समजली पाहिजे. इंग्रजी कच्चं असेल तर हिंदी बोलणारा प्रशिक्षक मिळतो का ते विचारावं. न समजता मान डोलावण्यापेक्षा तीन वेळा विचारलेलं चांगलं.

डायव्हिंगमधली एक रीत आम्हाला फार आवडली. कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतं. बोटीवर बसल्यावर, पाण्यात उतरल्यावर किंवा खाली असतानाही. आणि नंतर तिला कोणी ‘का थांबलीस’ म्हणून टोचायचं नाही. पैसे भरलेत, सगळे खोळंबलेत, लोक हसतील, अशा कारणांनी आपण बाया कितीदा नको तिथे पुढे जातो. पाण्याखाली ही भीड महागात पडते. म्हणून मुलीला फोनवर ‘जपून जा’ एवढंच सांगू नका. ‘मनाला पटलं नाही तर अंगठा वर कर आणि परत ये, आम्ही काही म्हणणार नाही,’ असं सांगा.

तब्येतीचा फॉर्म खरा भरायचा

कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, मोठी शस्त्रक्रिया, मनाचे आजार, चालू असलेली औषधं असे प्रश्न असतात. वय ४५ च्या पुढे असेल तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखूच्या धुराचं व्यसन याबद्दल जास्त विचारतात. ‘हो’ आलेल्या बऱ्याच उत्तरांसाठी डॉक्टरांची सही लागते. ‘हो’ म्हणजे लगेच नकार असं नसतं. डॉक्टर तपासून ठरवतात. पण सही आणायचा कंटाळा म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. पैसे भरायच्या आधीच हा फॉर्म मागून घ्यावा, म्हणजे पुढे पैसे अडकत नाहीत.

बायकांच्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ देतो, कारण हे प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. पाळीत डाइव्ह करता येते का? तब्येत बरी वाटत असेल तर येते. पोट दुखत असेल, अशक्तपणा असेल तर करू नये. गरोदरपणात येते का? नाही. दिवस राहिल्याची शंका असली तरी थांबायचं. बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारूनच परत सुरू करायचं.

कपड्यांची काळजीही घरचे करतात. डायव्हिंगचा सूट गळ्यापासून घोट्यापर्यंत असतो. मालदीव हा मुस्लिम देश आहे. तिथल्या लोकवस्तीच्या बेटांवर अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरायची रीत आहे, त्यामुळे आपल्या मुलींना अवघडल्यासारखं होत नाही. टाकी-जॅकेट लावताना प्रशिक्षकाचा हात लागतो. बाई प्रशिक्षक हवी असेल तर तसं मागता येतं, मैत्रिणीबरोबर नाव घालता येतं. आणि कोणाचं वागणं खटकलं तर अंगठा वर करायचा नियम किनाऱ्यावरही लागू आहे.

पैसे, विमा आणि कागद

मालदीवमध्ये दर बहुधा डॉलरमध्ये सांगतात. सांगितलेल्या रकमेत काय काय आलं ते लिहून घ्यावं. अभ्यासाचं साहित्य, कार्डाची फी, सामानाचं भाडं, बोटीचं भाडं, कर आणि सेवाशुल्क, सगळं. स्वस्त म्हणून सांगितलेला दर हे सगळं मिळवल्यावर महाग निघू शकतो. आणि मैत्रिणींनो, आमचं मत विचाराल तर यासाठी गटाचं कर्ज घेऊ नका. ही तिची हौस आहे, तिच्या पगारातल्या शिलकीतून तिने करावी. सहा महिने थोडं थोडं बाजूला टाकलं तर तिलाही त्याची किंमत कळते.

नोकरीच्या ठिकाणी आरोग्य विमा असतो, पण त्यात डायव्हिंगचा अपघात धरलेला असेलच असं नाही. पॉलिसी वाचून घ्यावी. दाबाच्या खोलीतले उपचार फार महाग असतात. डॅन ही १९८० मध्ये सुरू झालेली संस्था डायव्हरच्या सुरक्षेचं काम करते. तिच्याकडून किंवा इतरांकडून डायव्हिंगचा वेगळा विमा मिळतो. कोर्सच्या खर्चात हा खर्च धरूनच चालावं.

कार्डावरचं नाव पासपोर्टवरच्या नावासारखंच घालायला सांगावं. लग्नाआधीचं एक आणि नंतरचं एक अशी गल्लत पुढे त्रास देते. कार्डाला मुदत नसते, पण सरावाला असते. वर्षभर पाण्यात उतरली नसेल तर उजळणीचा वर्ग करूनच पुन्हा खोल जावं. प्रत्येक डाइव्हची नोंद वहीत करायची असते. कुठे, किती खोल, किती वेळ, हवा किती उरली. वही लिहिणं आपल्याला काही नवं नाही.

आणि कोर्स अर्धा राहिला, बदली झाली, नोकरी सुटली तर? अभ्यास आणि उथळ पाण्यातला भाग झालेला असेल तर प्रशिक्षकाकडून तसं पत्र घ्यायचं आणि उरलेल्या डाइव्ह दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशातही पुऱ्या करता येतात. साधारण एक वर्षाच्या आत हे करावं लागतं.

कार्ड म्हणजे नोकरी नव्हे

हे मुद्दाम सांगायला हवं. ‘कोर्स करा, परदेशात डायव्हिंगची नोकरी देतो’ अशी आमिषं दाखवणारे भेटतात. ओपन वॉटर कार्ड हे फक्त स्वतःच्या हौसेसाठी असतं. लोकांना घेऊन जायचं काम करायचं तर पुढे ‘अॅडव्हान्स्ड’, मग ‘रेस्क्यू’, मग ‘डाइव्हमास्टर’ अशा पायऱ्या आहेत. पॅडीच्या नियमाने डाइव्हमास्टर व्हायला वय १८ पूर्ण आणि कमीत कमी ६० डाइव्हची नोंद लागते. प्रशिक्षक व्हायला कमीत कमी १०० डाइव्ह आणि वेगळी परीक्षा. शिवाय परदेशातला कामाचा परवाना ज्या मालकाच्या नावाने आणि ज्या कामासाठी असतो, तेवढंच काम करता येतं. दवाखान्याच्या परवान्यावर बोटीवर काम केलं तर नोकरीही जाईल आणि देशही सोडावा लागेल.

पण पुढे वाट नाही असंही नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. आपल्या घरगुती निवासांत पर्यटक येतात ते या समुद्रासाठीच. पाण्याखाली नेणारे बहुतेक पुरुषच दिसतात. पायरी-पायरीने शिकलेली, वहीत पन्नास-साठ डाइव्हची नोंद असलेली मुलगी गावी परतली, तर बाई पर्यटकांना तिच्याबरोबर उतरायला किती बरं वाटेल.

अशा मुली एक गोष्ट शिकून येतात, प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवंत प्राण्यांची वसाहत असतो. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे मालदीवमधला पुष्कळ प्रवाळ पांढरा पडला आणि मेला. प्रवाळ गेला की त्याच्या आसऱ्याने राहणारे मासे कमी होतात. ते आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. आपल्या टोपलीतली मासळी त्यावरच ठरते.

फोनवर विचारायचे प्रश्न

शेवटी, तुमच्या घरातलं कोणी परदेशात असा कोर्स करणार असेल, तर हे प्रश्न लिहून ठेवा आणि एकेक विचारा.

प्रशिक्षकाचा क्रमांक घेतलास का, आणि तो त्या संस्थेच्या यादीत तपासलास का? एका प्रशिक्षकामागे किती जण आहेत? खुल्या पाण्यात आठपेक्षा जास्त नकोत, चार असतील तर उत्तम. बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? दाबाची खोली जवळच्या कोणत्या बेटावर आहे? तब्येतीचा फॉर्म खरा भरलास का? विमा काढलास का? पोहायचा सराव झाला का? विमानाचं तिकीट आणि शेवटची डाइव्ह यांत एक दिवस आहे ना?

ती भराभर उत्तरं देत असेल तर समजा, पोरीने नीट तयारी केली आहे. एखाद्या प्रश्नावर ती थबकली तर रागावू नका. ‘विचारून सांग,’ एवढंच म्हणा. आणि या प्रश्नांची उत्तरं द्यायला जी जागा टाळाटाळ करते, तिथे पैसे भरू नको, असं मात्र स्पष्ट सांगा.

तुमच्या गटात यावर चर्चा करा. कोणाच्या घरातलं कोणी असा कोर्स केलं असेल तर पुढच्या बैठकीत त्यांना बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐका. आणखी प्रश्न निघाले तर ग्रामसंघाच्या वहीत लिहून आमच्याकडे पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देऊ.